बिअर झाली, चोथ्याचं काय?

चोथा कुठे जाणार हे ठरल्याशिवाय मी पाणी तापत ठेवत नाही. सिॲटलला आल्यावर घरी बिअर करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. नव्याने सुरुवात करणारं कुणी भेटलं की पहिली हीच गोष्ट सांगते. कोणतं यीस्ट, कुठले हॉप्स, बाटल्या कशा धुवायच्या, हे सगळं मागाहून.

कारण चोथा थोडाथोडका निघत नाही. पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर बिअरला पाचेक किलो माल्ट लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले आणि भाजलेले सातू. ते भरडून, पिशवीत भरून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवलं (यालाच मॅश म्हणतात) की दाण्यातल्या पिठाची साखर होते आणि ती पाण्यात उतरते. त्या गोड पाण्याची पुढे बिअर होते. पाच किलोंपैकी साडेतीनेक किलो ऐवज पाण्याबरोबर जातो. मागे उरतात टरफलं, तंतू आणि प्रथिनं. ती कोरडी मोजली तर फार तर दीड किलो भरतील, पण त्यांनी पाचेक लिटर पाणी पिऊन ठेवलेलं असतं. म्हणजे पिशवी बाहेर काढताना हातात साडेसहा किलोंचं गरम, ओलं ओझं येतं, तेही नेमकं पातेल्याखालची आच वाढवून पुढच्या उकळीकडे लक्ष द्यायच्या वेळी. तेव्हा विचार करायला सवड नसते आणि बादली कुठेतरी कोपऱ्यात सरकवली जाते.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी तेच केलं होतं. शनिवारी संध्याकाळी झाकण लावून बादली गॅरेजमध्ये ठेवली. सोमवारी झाकण उघडलं तेव्हा वर पिवळट फेसाचा थर आला होता आणि ओकारीसारखा वास गॅरेजभर पसरला. आंबलेल्या ताकाचा वास मला सवयीचा आहे, पण हा तसा नव्हता. कचऱ्याचा डबा तीनदा धुतला तरी आठवडाभर तो वास गेला नाही. शेजारच्या घरात तेव्हा तान्हं बाळ होतं आणि त्यांना ऐन उन्हाळ्यात त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. मी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून चोथ्याला मी शिजवलेल्या भाताचा नियम लावते: दोन तासांच्या आत तो कामाला लागला पाहिजे, नाहीतर गारठ्यात गेला पाहिजे.

असं का होतं ते कळलं की नियम लक्षात राहतो. दाण्याच्या टरफलावर आंबवणारे जंतू मुळातच असतात. मॅशच्या तापमानात ते सगळेच मरत नाहीत. चोथा कोमट झाला की ओल, ऊब आणि शिल्लक राहिलेली थोडी साखर त्यांना आयती मिळते. बादलीच्या मध्यभागी ऊब तासन् तास टिकते आणि हवा मात्र पोचत नाही, म्हणून घाण वास तिथूनच सुरू होतो. तेव्हा काहीही करायचं असो, आधी चोथा पसरायचा. मी पिशवी प्रथम पातेल्यावर टांगते, श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी. अर्ध्या तासात जास्तीचं गोड पाणी पातेल्यातच निथळतं, ते बिअरलाही मिळतं. मग चोथा दोन मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरून गार करते आणि त्याचे वाटे करते.

वाटे कुणाकुणाचे? एक वाटा आपल्या ताटाचा, एक जनावरांचा आणि उरलेला मातीचा. पहिला वाटा सगळ्यांत लहान असतो. साडेसहा किलो चोथा एकट्या घराला खाऊन संपवता येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

माझी आई वाईहून इथे आली होती तेव्हा मी नेमकी चोथा पसरत होते. तिने मूठभर उचलला, हुंगला, दातांत धरून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हे तर आंबोण आहे. आणि तू टाकून देतेस?” माहेरी दारात गाय होती तोवर कोंडा, चुणी, पेंड भिजवून तिच्यापुढे रोज आंबोण जायचं. आईचं निदान अगदी बरोबर होतं. वाळवलेल्या चोथ्यात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात आणि निम्म्याच्या आसपास तंतू. जगभर मोठ्या ब्रुअऱ्यांचा चोथा मुख्यतः दुभत्या जनावरांकडेच जातो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगते, कारण हा लेख पुण्या-नाशकातही वाचला जाईल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिथे हा उद्योग करू नका. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि तेही विकायचं नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून होती. महाराष्ट्रातल्या वाचकांना या लेखातलं बरंचसं तरीही उपयोगी पडेल. नाचणी सत्त्व करताना उरणारा चोथा, सोयाबीनच्या दुधाचा चोथा यांनाही ओलाव्याचे आणि वासाचे हेच नियम लागू होतात.

थालीपीठ आणि पीठ

इथली माणसं चोथ्याचा पाव करतात. पाव चांगला होतो, पण आपल्या घरात हा चोथा खरा शोभतो थालीपिठात. भाजणीचं पीठ मुळातच भरड आणि खमंग असतं, त्यामुळे चोथ्याची चव त्यात उपरी वाटत नाही.

दोन वाट्या भाजणीला अर्धी वाटी ओला चोथा घ्या. चोथा मिक्सरमधून काढल्याशिवाय वापरू नका. सातूचं टरफल टोकदार असतं आणि अख्खं राहिलं तर घशाला टोचतं. मिक्सर फिरेनासा झाला तर दोन चमचे पाणी घाला, जास्त नको. त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ घालून आधी कोरडंच कालवा. चोथ्यातलं पाणी पिठात उतरू द्या. मग लागेल तसा पाण्याचा हबका मारत मळा. नेहमीच्या मापाने पाणी घातलंत तर पीठ हमखास सैल होईल. गोळा वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे टरफलाचा भुगा मऊ होतो. ओल्या फडक्यावर थापताना कडा चिरतील, त्या बोटाने सांधून घ्या. मधे भोकं पाडा, तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजा. आईने पहिलं थालीपीठ लोण्याबरोबर खाल्लं आणि दुसरं मागून घेतलं.

अर्ध्या वाटीच्या पुढे गेलात तर मात्र थालीपीठ तव्यावरच मोडतं. दाण्यातलं पीठ साखर होऊन बिअरमध्ये गेलेलं असतं, त्यामुळे चोथ्यात बांधून ठेवणारं फारसं काही उरत नाही. पोळीच्या कणकेत तर आठ भागांना एक भाग, तोही वाळवून बारीक दळलेला, एवढाच चालतो. आणि ती पोळी फुगेल अशी आशा धरू नका. पावाच्या एका लादीत अर्धा ते एक कप ओला चोथा सहज मावतो, फक्त पाणी कमी करा.

कोणत्या बिअरचा चोथा आहे त्यावरही चव ठरते. फिकट बिअरचा किंवा गव्हाच्या बिअरचा चोथा किंचित गोडसर, नुकत्या भाजलेल्या धान्यासारखा लागतो. स्टाउटसारख्या काळ्या बिअरच्या चोथ्यात करपवलेलं माल्ट असतं, त्याचा कडवटपणा थालीपिठात खटकतो. तो चॉकलेट केकसाठी ठेवा. एक सूचना मनावर घ्याच: सातूत आणि गव्हात ग्लुटेन असतं आणि ते चोथ्यात उरतं. ज्यांना सिलिॲक आजार आहे त्यांना यातलं काहीही वाढू नका. पाहुण्यांना आधी सांगा, जेवण झाल्यावर नव्हे.

टिकाऊ पीठ हवं असेल तर चोथा वाळवावा लागतो. इथे थोडं गणित करू. पाच लिटर पाणी उडवायचं आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागतेच, ओव्हन कितीही चांगला असो. म्हणजे सगळा चोथा वाळवायला किमान साडेतीन युनिटं, आणि घरचा ओव्हन निम्मी उष्णता खोलीलाच देतो, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी जास्त. चोथा वाचवायला एवढी वीज जाळणं मला पटत नाही. अलास्कातल्या ज्यूनो गावाला बाहेरून रस्ता नाही. तिथल्या अलास्कन ब्रुइंग कंपनीला चोथा वाळवून जहाजाने दक्षिणेला जनावरांसाठी पाठवावा लागायचा. शेवटी त्यांनी चोथ्यावरच चालणारा बॉयलर बसवला. आपल्याकडे बॉयलर नाही. तेव्हा एका वेळी एक किलोच वाळवा. त्याचं पाव किलोच्या आत-बाहेर कोरडं धान्य मिळतं आणि महिनाभराला ते पुरतं.

ट्रेमध्ये एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. ओव्हन ९० ते ९५ अंशांवर, दार चमच्याने किंचित उघडं, आणि तासातासाला उलथणं. सहाएक तास लागतात. पहिले दोन तास काहीच घडत नाही असं वाटतं. नुसती काच धुकटते आणि घरभर मोड आलेल्या धान्याचा गोड वास सुटतो. चौथ्या तासाला वरचे दाणे हलके होतात, पण ट्रेच्या कोपऱ्यांत अजून गोळे असतात. ते हाताने फोडा. ट्रे हलवल्यावर सगळीकडून सारखा खडखड आवाज आला आणि दाणा दातांत कट्कन तुटला की झालं. थोडी जरी ओल राहिली तरी बरणीत बुरशी धरते. पूर्ण गार करून मिक्सरला लावा, चाळा, वरचा भरडा परत फिरवा. पीठ हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा, कारण त्यातल्या थोड्याशा तेलाने ते बाहेर दोन-तीन महिन्यांत खवट होतं. कुंद हवेत वाळवणाचं काम काढू नका. इथल्या नोव्हेंबरच्या पावसात मी ते करतच नाही.

या पिठातून धंदेही उभे राहिले आहेत. डॅन कुर्झरॉक आणि जॉर्डन श्वार्ट्झ हे दोघे लॉस एंजेलिसला कॉलेजात असताना घरी बिअर करत होते. साठणाऱ्या चोथ्याचा ते पाव करायला लागले, आणि त्यातून ‘रीग्रेन्ड’ ही कंपनी निघाली. बंगळुरूत एलिझाबेथ यॉर्क यांचा ‘सेव्हिंग ग्रेन्स’ हा उपक्रम तिथल्या मायक्रोब्रुअऱ्यांच्या चोथ्याचं पीठ करतो.

जनावरांना देताना

सगळ्यांत आधी कुत्रा. चोथ्याची कुत्र्यांसाठी बिस्किटं करायची पद्धत इथे घरोघर आहे: चार कप चोथा, दोन कप कणीक, एक कप पीनट बटर, एक अंडं, कापून १७५ अंशांवर अर्धा तास भाजायची आणि मग मंद ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत वाळवायची. पण हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, कुत्र्याला विष आहेत. त्याच्या अंगातली उष्णता भराभर वाढते, धाप लागते आणि जीव जाऊ शकतो. मॅशचा चोथा हॉप्स घालण्याआधी निघतो, म्हणून तो सुरक्षित असतो. उकळीनंतर पातेल्याच्या तळाशी जो हिरवट गाळ राहतो तो सुरक्षित नसतो. हे दोन्ही एका बादलीत कधीही टाकू नका, धुतलेल्या बादलीतही नको. माझ्याकडे चोथ्याची बादली पांढरी आणि हॉप्सच्या गाळाची लाल आहे. पीनट बटर घेताना डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते वाचा. तेही कुत्र्याला घातक असतं. आणि आपल्या सवयीने त्यात कांदा-लसूण घालू नका.

कोंबड्या चोथा आवडीने खातात. मूठभर, ताजा, दाण्यासोबत द्या. तोच पोटभर दिला तर बाकीचं पोषण राहून जातं आणि अंडी कमी होतात. संध्याकाळी उरलेला उचलून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र थांबा: तिथे घरगुती स्वयंपाकघरातून गेलेलं अन्न कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे, परसातल्या हौशी कोंबड्यांनासुद्धा. चोथा स्वयंपाकघरात तयार झाला असेल तर तो मातीलाच द्या.

गाई-शेळ्यांचा गोठा जवळ असेल तर चोथ्याला त्याहून चांगली जागा नाही. आधी फोन करा, त्याच दिवशी पोचवा, आणि आंबूस वास यायला लागला असेल तर नेऊच नका. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा देऊ, असं मनातही आणू नका. बुरशीचं विष खालपर्यंत उतरलेलं असतं. अमेरिकेत २०१३ साली अन्न व औषध प्रशासनाने पशुखाद्याचे नवे नियम सुचवले तेव्हा ब्रुअऱ्यांना शेतकऱ्यांकडे चोथा पाठवणं जड झालं असतं. दोघांनीही जोरात विरोध केला आणि २०१५च्या अंतिम नियमांत चोथ्याला सवलत मिळाली. शतकानुशतकांची ही देवाणघेवाण टिकली याचा मला आनंद आहे.

बाकीचा मातीला

माझ्या चोथ्यातला निम्म्याहून जास्त भाग कंपोस्टमध्ये जातो. चुका होतात त्या इथेच. चोथा दिसायला भुश्यासारखा तपकिरी असतो, म्हणून लोक त्याला सुका कचरा समजतात. कंपोस्टच्या हिशेबात तो ओला कचरा आहे, नायट्रोजनने भरलेला, जवळजवळ ताज्या कापलेल्या गवतासारखा. एका जागी ओतलात तर त्याची लगद्यासारखी वडी बसते, हवा कोंडते आणि ऑगस्टमधल्या माझ्या गॅरेजचा वास परत येतो.

एक बादली चोथ्याला तीन बादल्या सुकी पानं, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा घ्या. आमच्याकडे मेपलची पानं शरद ऋतूत ढिगाने पडतात. ती पोत्यांत भरून मी वर्षभर पुरवते. पानं नसतील तर तेवढ्या आठवड्यात चोथा फ्रीजरमध्ये राहू द्या. पानं आणि चोथा थर लावून ठेवू नका, फावड्याने नीट कालवा. वर पुन्हा वीतभर सुकी पानं टाका म्हणजे माशा बसत नाहीत. ढीग पुरेसा मोठा असेल, सगळ्या बाजूंनी मीटरभर, तर दोन-तीन दिवसांत आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. थंडीच्या सकाळी त्यातून वाफा निघताना दिसतात. चार-पाच दिवसांनी ढीग उलथा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पानं कमी पडली, आंबट वास आला तर हवा कमी पडली. दोन्हीवर उपाय एकच, सुकी पानं घालून उलथणं.

गांडूळखताच्या डब्यात मात्र आठवड्याला मूठभरच, पातळ पसरून. जास्त घातलात तर तो तापतो आणि गांडुळं मरतात. कुंड्यांच्या मातीवर ताज्या चोथ्याचा जाड थर देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वरून पापडी धरते, खाली पाणी उतरत नाही, वर चिलटं. परसात जागा असेल तर हातभर खोल चर खणून, मुळांपासून दूर, पुरलेला चोथा चालतो. तिथे काही लावायला महिना-दीड महिना थांबा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं बरंच शक्य नसतं. सिॲटलमध्ये पी-पॅच नावाच्या सार्वजनिक बागा १९७३ पासून आहेत. अशा ठिकाणी विचारून पाहा, पण न विचारता त्यांच्या ढिगात बादली ओतू नका. तेही नसेल तर पालिकेचा ओल्या कचऱ्याचा डबा. इथे २०१५ पासून अन्न साध्या कचऱ्यात टाकायला बंदीच आहे. चोथा किलो-किलोच्या चपट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडी येते त्याच्या आदल्या रात्री कागदात गुंडाळून बाहेर ठेवा. तीनच महिन्यांनी बर्फाळ पुडीत काय आहे ते आठवत नाही, म्हणून पुडीवर तारीख आणि बिअरचं नाव घाला.

सिंकमध्ये, टॉयलेटमध्ये, सिंकखालच्या कचरा दळणाऱ्या यंत्रात चोथा कधीही नको. तो विरघळत नाही. पाइपच्या वळणात बसतो आणि प्लंबरचं बिल येतं.

शेवटी पिशवी राहते. तिच्या शिवणींत दाणे अडकतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच आंबतात. घराबाहेर, गवतावर, ती उलटी करून झटका. मग बादलीभर गरम पाण्यात खळबळा आणि ते पाणी चाळणीतून झाडांना घाला. साबण लावू नका, त्याचा वास पुढच्या बिअरला लागतो. शिवण बोटांनी चाचपून पाहा, एकही दाणा लागत नसेल तर पिशवी उलटीच दोरीवर घाला आणि पुरती वाळल्यावरच घडी करा.